आवाज तेवढा बंद करा

नाही हो मॅडम, दुखतं असं नाही — म्हणजे दुखतं, पण दुखण्याचं मला काही नाही, त्याची सवय झालीये — आवाज. आवाज येतो ना, तो बंद करायचाय. हे बघा, हात असा बाजूनं उचलला, इथवर काही नाही, इथवर एकदम गरीब, आणि कानाच्या वर न्यायला लागलो की — ऐकलंत? कट्ट! वाळकी काटकी मोडल्यासारखा. सकाळी मी शर्ट घालतो तर ही स्वयंपाकघरातून ओरडते, "निघालात का?" आता बोला! तर तुम्ही मशीन लावा, तेल लावा, सुया टोचा, काय असेल ते करा, पण आवाज यायला नको. आणि कायमचा जायला हवा असंही म्हणत नाही मी — आजच्या संध्याकाळपुरता गेला तरी पुष्कळ. उद्यापासून वाजू दे की खुशाल.

आजच का? असंच. सभा आहे आमची, सुट्टीचा भोंगा झाला की. हात वर करायचाय. झालं, एवढंच. — पालथा होऊ? बरं. तोंड या भोकात घालायचं? अरे वा, छान सोय आहे, खाली नुसती फरशी आणि तुमच्या चपला. बोलायला बरं असं. तोंड दिसत नसलं की माणूस खरं बोलतो — हे माझं नाही हं, थोरल्यांचं म्हणणं. थोरले म्हणजे... सांगतो. आधी मी कोण ते सांगतो. मी मालयार्डात असतो. नाही, ओझी उचलणारा नाही, हात दाखवणारा. क्रेनचा ड्रायव्हर वर काचेच्या खोलीत बसतो ना, त्याला त्याच्या ओझ्याखालचं काही दिसत नाही — पेटी, ट्रक, माणूस, काही नाही. खाली मी उभा. माझा हात बघून तो सोडतो, माझा पंजा वर गेला की थांबतो. यार्डात माझं नावच सिग्नल पडलंय. सासूबाईसुद्धा सिग्नल म्हणतात, आता कुठं तक्रार करायची!

निवडायचं नाहीये मॅडम कुणाला. काढायचंय. आमच्या संघटनेचे अध्यक्ष — तेच ते, थोरले. नाव दुसरं आहे पण यार्डात लहानमोठे सगळे थोरलेच म्हणतात. संघटना त्यांनीच उभी केली, आधी सगळं मुकादमाच्या मर्जीवर चालायचं, त्यानं बोट दाखवलं तर काम, नाहीतर घरी. तर त्यांना काढायचंय. नुसतं खुर्चीवरून नव्हे — सभासदत्वावरून. आणि सभासद नसेल त्याला यार्डाच्या फाटकातून आत घेत नाहीत. हाही नियम त्यांनीच मालकाशी भांडून मिळवलेला, बाहेरची स्वस्तातली माणसं घुसायला नकोत म्हणून. आता त्या वयात दुसरीकडे कोण काम देणार त्यांना? बायको गेली, मूलबाळ नाही. संघटनेच्या कचेरीमागच्या खोलीत राहतात, ती खोलीही जाणार ओघानं. पण नियम म्हणजे नियम, माझ्या हातात काय आहे? — आई गं! — नाही, दाबा, दाबा, तिथंच आहे ते.

केलं काय म्हणता? पैसे-बिसे खाल्ले नाहीत हो, तसं त्यांचा वैरीसुद्धा म्हणणार नाही. छपराचं झालं. आमच्या तीन नंबरच्या फलाटावर छप्पर नाही. उन्हाळ्यात तिथं लोखंडाला हात लावला तर कातडं सोलून निघतं, माणसं चक्कर येऊन पडतात. तर या वर्षी छपराशिवाय करारावर सही नाही असं ठरलेलं, सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवून. आणि करार होऊन आला तर छप्पर गायब! विचारलं तर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." अहो पण का? तर पुन्हा, "पुढच्या वर्षी बघू." त्याउपर तोंडातून अक्षर नाही. मग हळूहळू बाहेर आलं की सहीच्या आधी ते मॅनेजरच्या बंगल्यावर जाऊन आले होते — एकटे, मागच्या दारानं, कमिटीला पत्ता नाही. आता तुम्हीच सांगा, लोक काय समजणार? लोक समजणार तेच समजले. मीपण तापलो होतो. तीन नंबरवर उभा कोण राहतो दिवसभर? मीच की!

बंगल्यावर जाताना पाहिलं कुणी, तर वकिलानं. वकील म्हणजे वजनकाट्यावर बसतो तो. वकिलीचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही, ट्रकांची वजनं घेतो, पण बोलायला लागला की समोरचा माणूस आपली बाजू विसरून त्याची मांडायला लागतो. आणि मॅडम, थोरल्यांबद्दल एक वाकडा शब्द नाही हं! मला वाटलं होतं शिव्या घालेल. छे! "देवमाणूस रे, देवमाणूस, म्हणून तर जिवाला लागतं" — असं म्हणायचा आणि चहाचा कप खाली ठेवून गप्प बसायचा. मग मीच विचारायचो, काय लागतं जिवाला? मग तो म्हणायचा, जाऊ दे, तुला वडिलांसारखे आहेत, तुझ्यासमोर नको. मग मीच म्हणायचो, बोल की! म्हणजे बघा, मीच त्याच्या पाठी लागायचो बोल म्हणून. वजनकाट्याच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, रोज. एक दिवस म्हणाला, माझं सोड, मी हात वर केला तर लोक म्हणतील याला खुर्ची पाहिजे. जुन्या मुकादमाच्या माणसांनी केला तर म्हणतील मालकाचे चमचे आहेत. "पण तू केलास तर? तू तर त्यांचा माणूस. तुला काही मिळवायचं नाही. तुझा हात वर गेला की लोकांना कळेल, हे वैर नाही, हे तत्त्व आहे." हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता, कळत का नव्हतं मला? कळत होतं. पण वरून बरं दिसतं हो. आयुष्यात मला कुणी तत्त्वाचा माणूस म्हटलं नव्हतं. उपाध्यक्ष करू असंही म्हणाला होता एकदा, पण ते आपलं बोलण्याच्या ओघात, त्याचं मी मनावर घेतलं नाही. ही मात्र घेऊन बसली, शेजारी सांगून आली.

झाली की एक सभा, गेल्या आठवड्यात. आजची दुसरी. आमच्यात कुणाला काढायचं तर दोनदा मत घेतात, मध्ये आठवडा जाऊ देतात. का? तर माणसाचा राग निवायला वेळ द्यावा — हेही थोरल्यांचंच. आणि मत कसं घेतात माहितेय? ज्याच्यावर मत आहे त्यानं पुढं स्टुलावर बसायचं, भिंतीकडे तोंड करून. पाठ सगळ्यांकडे. नाहीतर माणसं त्याच्या तोंडाकडे बघून हात वर करतात, किंवा करत नाहीत, भिडेपोटी. आणि मोजणी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. इतकी वर्षं बाकीचे बसले त्या स्टुलावर, कुणी दारू पिऊन आला म्हणून, कुणी मारामारी केली म्हणून, आणि हे टेबलापाशी उभे राहून मोजायचे. त्या दिवशी स्वतः उठले. कुणी सांगायच्या आत उठले. स्टूल उचललं, भिंतीपाशी ठेवलं आणि बसले पाठ करून. अंगात तो जुना निळा शर्ट. मानेवरचे केस वाढलेले. मला काय वाटलं सांगू? वाटलं, या माणसाला न्हाव्याकडे न्यायला कुणी नाही. असलं काहीतरी येतं डोक्यात, नको त्या वेळी.

मोजायला टेबलापाशी चिटणीस उभा राहिला, म्हणाला, हात वर करा. कुणी करेना. मॅडम, कुणीसुद्धा करेना! सगळे खाली बघतायत, वकीलपण खाली बघतोय, पण त्याच्या पायाची टाच नुसती उडतेय. आणि मग मला कळलं की सगळे माझ्यासाठी थांबलेत. मी पहिल्या रांगेत. मी हात उचलला. एवढी चिडीचूप शांतता, आणि मी उचलला — इथवर काही नाही, इथवर काही नाही — आणि कट्ट!

त्यांना कळलं. कसं म्हणजे? अहो, त्या आवाजावर यार्डात चेष्टा चालते माझी! मी क्रेनखाली गेलो की पोरं म्हणतात, आला, वाजला. आणि थोरले तर डबा खायला माझ्याशेजारी बसायचे, मी पाण्याच्या बाटलीला हात लांबवला की म्हणायचे, "अरे, तेल घाल त्याला, बिजागरीला घालतात तसं." यार्डात असा खांदा एकाचाच. त्यांची पाठ होती माझ्याकडे, पण ती पाठ — कशी सांगू — हलली नाही मॅडम. आधी जरा हलत होती, श्वास घेतो ना आपण, तेवढी. ती थांबली. आणि माझ्यामागं हात वर गेले, सरसर, सगळे. वकिलाचा सगळ्यात शेवटी.

नंतर उठले. सगळे दारातून मोकळे व्हायच्या घाईत, मी मात्र खिळल्यासारखा. जाताना माझ्याजवळ थांबले. मी म्हटलं, आता बोलतील. शिवी घालतील, विचारतील, कानाखाली ओढतील — ओढली असती तर बरं झालं असतं. काय म्हणाले माहितेय? "दाखवून घे रे तो खांदा कुणाला तरी." एवढंच. आणि गेले मागच्या खोलीत, दार लावून घेतलं. म्हणून तर आलो ना तुमच्याकडे! त्यांचं ऐकूनच आलो. हसू नका. हसलात की नाही तुम्ही? चपला हलल्या तुमच्या. — नाही? बरं.

रडत नाहीये, नाक दाबलं जातंय या भोकात. डबा मात्र आठवडाभर तसाच परत जातोय घरी. ही म्हणते पित्त झालंय. असेल. पण चूक त्यांचीच आहे ना? सांगायचं होतं त्यांनी! सभेत उठून सांगायचं होतं की बंगल्यावर का गेलो होतो. वकिलानं तीनतीनदा विचारलं सगळ्यांसमोर, "थोरले, कशासाठी गेला होतात?" आणि हे मूग गिळून. एक वाक्य बोलले असते तर सगळं फिरलं असतं. एक वाक्य! "मी त्या सिग्नलची नोकरी वाचवायला गेलो होतो," एवढंच म्हणायचं होतं, त्यात काय —

हो. माझीच.

काही नाही, तुम्ही दाबा. कशी म्हणजे, ती आपली — अहो, हा खांदा कशानं गेला असं मी आल्याआल्या तुम्ही विचारलंत ना, तेव्हा मी म्हटलं साखळी सुटली. साखळी सुटली हे खरंच आहे. कंपनीच्या चौकशीतही मी तेच सांगितलं. पण साखळी सुटली कारण ओझं फलाटाच्या कडेला आपटलं, आणि आपटलं कारण हात वर करायला पाहिजे होता तेव्हा मी करत नव्हतो. फोन बघत होतो. पोरीचा निकाल होता त्या दिवशी, तिनं फोटो पाठवला होता, हातात निकाल धरून हसतानाचा. एवढंच, एक फोटो बघायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. वर बघतो तर पेटी माझ्या डोक्यावर. उडी मारली म्हणून नुसता खांदा गेला. माणूस कुणी मेला नाही, देवाची कृपा, पण क्रेनचा हात वाकला, पेटीतलं यंत्र भंगारात. दवाखान्यात थोरले आले, दोन्ही वेळेला डबा घेऊन यायचे, चमच्यानं भरवायचे मला, हा हात बांधलेला ना. त्यांच्यापाशी मी ढसाढसा रडलो आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, माझ्याशी बोललास, आता पुन्हा कुणाशी बोलू नकोस. आणि मॅनेजरकडे गेले. त्याच्याकडे होतं सगळं, कॅमेऱ्यात आलेलं, मी फोनमध्ये डोकं घालून उभा. तो म्हणाला असेल, हा तरी नाहीतर छप्पर तरी. मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण मी कामावर परत आलो आणि छप्पर आलं नाही. एवढं काय कळत नाही मला?

म्हणजे चुकलेच ना ते! सगळ्यांचं छप्पर एकट्या माझ्यापायी दिलं, हे अध्यक्षाला शोभतं का? वकील बरोबरच बोलत होता, तत्त्वाचं बघितलं तर... तत्त्वाचं बघितलं तर कुणी उठून म्हणायला पाहिजे होतं, की बाबांनो, ते गेले होते माझ्यासाठी. आणि मग गेली नोकरी. पोरीला पुढं शिकायचंय. खाल्ल्या मिठाला जागायचं वगैरे ठीक आहे, पण घर चालायला नको? वकिलाला ठाऊक होतं का? मॅडम, तुम्ही ना, नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवता. शेवटच्या दिवशी, पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी, मी त्याला म्हटलं होतं, माझ्यानं नाही व्हायचं रे, दुसरा कुणी बघ. ट्रक आला होता, त्यानं त्याचं वजन घेतलं, पावती फाडली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते बंगल्यावर कशासाठी गेले होते, हे मी कधी खोदून काढायला गेलो नाही. आणि तू आमच्याबरोबर असलास तर कुणीच जाणार नाही." झालं. पुढं मी काही विचारलं नाही. ठाऊक होतं की नव्हतं, मला नाही माहीत. मला माहीत करून घ्यायचंही नाही.

हा ऐकलात? भोंगा. सुट्टी झाली. आता हातपाय धुतील आणि कचेरीत जमतील सगळे. पायी गेलं तर पोचतो मी अजून, लांब नाही. उठून बसू? बसतो. हळू करा हं. बाजूनं... इथवर काही नाही... वर... अजून वर? —

वाजला नाही.

पुन्हा करा. अहो, पुन्हा करा बघू. नाही वाजला! काय जादू केलीत, मॅडम? कानाला टेकला हात, आणि चकार आवाज नाही! आता मी तिथं बसून असा उचलला तर कुणाला... त्यांना कळणारसुद्धा नाही. पाठ असते ना. ते भिंतीकडे तोंड करून बसतील आणि कान देऊन ऐकतील. आता ते फक्त तेवढंच ऐकतील हो, मला ठाऊक आहे. आणि आवाज आला नाही की त्यांना वाटेल — त्यांना वाटेल मी हात वर केला नाही. आठवडाभर विचार केला पोरानं, आणि हात खाली ठेवला. मग ते वळतील आणि माझ्याकडे बघून हसतील. अहो, मला थँक्यू म्हणतील ते! त्या खोलीतली ट्रंक उचलून फाटकाबाहेर जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून जातील. आठवडाभर मी हाच विचार करत होतो की आवाज नको, आवाज नको, आणि हे डोक्यातच आलं नाही माझ्या. हे त्याहून वाईट झालं की.

हो, खाली ठेवता येतो. हात खाली ठेवता येतो, ते मला कळतं. पण नुसता खाली ठेवून काय? बाकीच्यांचे वर जातीलच. उठून बोलायला लागेल. दोन वाक्यं आहेत, पाठ आहेत मला, रोज आंघोळीला म्हणतो. — वकिलाचा फोन आहे. वाजू दे, पालथा घालून ठेवा तो तिकडे. गेलोच नाही तर? गेलो नाही तर काही अडत नाही त्यांचं. गैरहजर माणसाचा मागच्या वेळचा हात तसाच धरतात. म्हणजे मी इथं नुसता बसलो तरी तिकडे माझा हात वरच आहे. नियम आहे तसा. कुणी केलाय ते सांगत नाही आता, तुम्हाला कळलं असेल.

झालं म्हणता? इतक्यात? नाही, नाही, बाहेर पेशंट बसलेत ते मी येतानाच बघितलं, पण पाच मिनिटं... मॅडम, हा डावापण बघून घ्या ना. नाही, डावा दुखत नाही. वाजत नाही. त्याला काही झालेलं नाही. पण बघा ना तुम्ही. मी पालथा होतो परत, हा बघा झालो, आणि तो पडदा तेवढा ओढून घ्या.